उलटा अर्धा फेरा

एकवीस वर्षं माझ्या सायकलला एकच गिअर होता.
एक चेन, मागे एक चक्र, आणि शेफील्डचे चढ,
ज्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं.

मी पियानो जुळवतो. पाठीवर पिशवी,
पिशवीत पाना, फेल्टच्या पट्ट्या,
आणि एक स्वरकाटा, ज्याला एकच सूर येतो.
हलक्या हाताने वाजवा, रागाने वाजवा,
तो तेच सांगणार.
सायकलही तशीच, म्हणून माझी.
तिच्याशी घासाघीस चालत नसे.
जमतं तर चल, नाहीतर उतर.

जानेवारीत डावा गुडघा बोलायला लागला.
आधी कुजबुजत. मग घसा खाकरून.

रेल्वेच्या कमानीखाली एनिसचं दुकान.
तिने फडक्यावर एक हब ठेवला, अंडं ठेवावं तसा.
"दोनच आहेत. वायर नाही, हँडलवर खटका नाही.
पॅडल जरासं उलटं मारायचं, आपोआप बदलतो."

ॲम्ब्रोज कोपऱ्यात स्टुलावर होता, नेहमीसारखा
दुसऱ्याच्या कपातला चहा पीत.
"दोन म्हणजे संपलंच," तो म्हणाला.
"दोन आणि सत्तावीस यांच्यात काय आहे? नुसता हिशेब.
एक आणि दोन यांच्यात दरी आहे.
ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत
एक बिस्किट खाल्लं तर उपास राहतो का?"

"बिस्किट केवढं?" एनिसने विचारलं.

मी हसलो, पण पैसे देताना
हात जरा लपवून दिले.

वॉक्लीचा चढ. पहिला दिव्याचा खांब, दुसरा,
तिसऱ्यापाशी मी दर वेळी हरायचो.
या वेळी पाय अर्धा फेरा मागे घेतला.
खट्.
असा आवाज, जसा शेजारच्या खोलीत कुणी
पेटीचं झाकण अलगद लावलं.
आणि रस्ता एकदम मऊ.
मी वर पोचलो, दम शाबूत,
लहान मुलासारखा खूश, आणि वाऱ्यात उभं राहून
मला कळेना की काय विसरलं.

मग आठवलं. विल्फ्रेड.

तिसऱ्या खांबाशी दगडी कुंपण, कुंपणामागे त्याचे लीकचे वाफे.
मी धापा टाकत सायकल ढकलत यायचो,
तो कमरेत वाकलेला, हातात मोजपट्टी.
अकरा वर्षं तेवढीच ओळख: एक कुंपण लांब.
गोगलगायींना कसं फसवायचं ते त्याने सांगितलं.
मार्जोरीचा उजवा कान गेला तेही,
नंतर मार्जोरी गेली, तेही, मोजपट्टी गुंडाळत.
आज मी त्याच्या टोपीचा फक्त वरचा भाग पाहिला,
आणि तोही मागे पडला.

म्हणजे ॲम्ब्रोज चुकला, आणि मीही.
माझ्या सायकलला पहिल्यापासून दोन गिअर होते.
दुसऱ्याचं नाव होतं चालणं.
सगळ्यात हळू, सगळ्यात स्वस्त,
आणि त्यालाच लीकचा वास यायचा.

शुद्धतेचं मला ॲम्ब्रोजपेक्षा थोडं जास्त कळतं,
माझं पोटच त्याच्यावर चालतं.
काट्यावरून पहिला सूर मिळवायचा, तो चोख.
पुढचा प्रत्येक केसभर खोटा ठेवावा लागतो, मुद्दाम.
एक जरी हट्टाने खरा ठेवला
तर पियानोच्या दुसऱ्या टोकाला
कुठेतरी लांडगा ओरडतो.
लोक म्हणतात, वा, काय सुरेल झालाय.
मी पिशवी भरतो आणि गप्प राहतो.

हब मी परत केला नाही. गुडघा गप्प आहे.
गुरुवारी, तिसऱ्या खांबापाशी,
गिअर हलका, श्वास भरपूर,
मी उतरलो.
विल्फ्रेडने मान वर केली.
"गुडघा का?"
"हो ना," म्हटलं, आणि कुंपणाला
सायकल टेकवली.